तुरट चवीचा माग : ताटातली आणि बरणीतली पॉलिफेनॉल

पौष लागला की खंडेराव मार्केटच्या बाहेरच्या हातगाड्यांवर ओल्या हळदीचे ढीग दिसू लागतात. एका बाजूला केशरी गाभ्याची हळद, तिच्या शेजारी फिकट आंबेहळद, पलीकडे आवळे आणि उंधियूसाठी घेतला जाणारा जांभळा कंद. बडोद्यातल्या मराठी घरांत या हळदीला सर्रास ‘लीली हळद’च (लीली म्हणजे गुजरातीत ओली, ताजी) म्हणतात. मी दरवर्षी तिथे उभी राहून एक आवळा तसाच दाताखाली धरते, आणि पहिल्या घासालाच तोंडातली लाळ आटून जीभ खरखरीत झाल्यासारखी वाटते. हा तुरटपणा म्हणजे ज्या पदार्थसमूहाला रसायनशास्त्रात पॉलिफेनॉल म्हणतात, त्याची जिभेला पटलेली ओळख आहे. साखर, चरबी आणि रक्तदाब यांच्याशी झगडणाऱ्या घरांनी आणि लोणची, तूप, चिवडा टिकवू पाहणाऱ्या स्वयंपाकघरांनी ही ओळख पक्की करून घ्यावी, यासाठी हा लेख लिहीत आहे. यातल्या बहुतेक पायऱ्यांसाठी नवीन काही विकत आणावे लागत नाही. आपण जे सोलून, गाळून आणि पाखडून टाकतो त्यातले काही ठेवावे लागते.

तुरटपणा म्हणजे काय

आवळा, हिरडा, कच्चे केळे, डाळिंबाची साल यांत टॅनिन नावाची पॉलिफेनॉल असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आखडते. हे ‘धरून ठेवणे’ लक्षात ठेवावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्याच गुणावर उभे आहे. बाभळीच्या सालीने कातडे कमावताना टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरते, म्हणून ते कुजत नाही. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर रंग पक्का बसतो, तोही याच कारणाने. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली बडोद्यात सुरू झालेल्या कलाभवनात रंगकाम आणि रसायन शिकवले जाई, त्यामुळे या शहराची या रसायनाशी जुनीच ओळख आहे, असे मला नेहमी वाटते.

पॉलिफेनॉल आठ हजारांहून अधिक प्रकारची ज्ञात आहेत आणि ती सगळीच तुरट नसतात. जांभूळ, कंद, वांग्याची साल आणि कोकम यांचा जांभळा-लाल रंग अँथोसायनिनचा, हळदीचा पिवळा कर्क्युमिनचा. कांद्यात क्वेरसेटिन असते, चहात कॅटेचिन, तिळात सेसमिन, तर वांग्याच्या गरात आणि कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल. यांतल्या फ्लॅव्होन नावाच्या गटातली संयुगे प्रयोगशाळेत बनवण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीला बेकर-वेंकटरामन असे नाव आहे. ते वेंकटरामन म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. फ्लॅव्होने ज्या मोठ्या गटात येतात त्या फ्लॅव्होनॉइडांना १९३६ साली ‘जीवनसत्त्व पी’ असे नावही दिले गेले होते, पण ते पुढे सोडून द्यावे लागले, कारण हे पदार्थ मिळाले नाहीत म्हणून क जीवनसत्त्वाच्या अभावासारखा ठरावीक आजार होत नाही. म्हणूनच ‘दिवसाला अमुक मिलिग्रॅम हवेतच’ असे कोणी सांगू लागले, तर त्यामागे काही विकायचे आहे का, हे आधी पाहावे.

वनस्पती हे पदार्थ स्वतःच्या रक्षणासाठी बनवते. कडक ऊन, बुरशी, कीड आणि चरणारी जनावरे यांचा मारा बाहेरच्या अंगावर होतो, म्हणून साल, कोंडा, टरफल आणि बी यांत त्यांचा साठा सर्वांत जास्त असतो. बाजारात जाताना एवढे लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

पायरी पहिली : बाजारात आणि निवडताना

कंद घेताना दुकानदाराला एक टोक कापून दाखवायला सांगावे आणि आतून गडद जांभळा असलेला घ्यावा. फिकट कंदात रंगद्रव्य कमी असते. मात्र कंद गडद असला तरी त्यात पिष्ट भरपूर असते, तेव्हा साखर असणाऱ्याने तो भाजी म्हणून न मोजता भात-पोळीच्या हिशेबात धरावा. वांगी मोठी, भरताची घेण्यापेक्षा रवैयासाठीची लहान, चकचकीत जांभळी घेतली, तर त्याच वजनात साल जास्त मिळते, आणि आपल्या भरल्या वांग्यात ती सालीसकट खाल्लीही जातात.

कांदा सोलताना कोरडी पापुद्र्याची साल काढून थांबावे. घाईत आपण तिच्याखालचा पहिला रसदार थरही ओढून टाकतो, आणि क्वेरसेटिन त्याच बाहेरच्या थरांत सर्वाधिक असते. हरभरे, मूग, मसूर आठवड्यातून काही दिवस तरी सालीसकट शिजवावेत. नाचणी अख्खी दळून आणावी, कारण तिचा तुरटपणा कोंड्यात आहे आणि चाळणीत तोच मागे राहतो.

शेंगदाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठी स्वयंपाक दाण्याच्या कुटावर चालतो. दाणे भाजून हातांनी चोळायचे आणि लाल टरफले सुपात पाखडून उडवायची, ही आमच्या घरातली कित्येक वर्षांची रीत. ते लालसर टरफल जिभेवर ठेवून पाहावे. आवळ्यासारखेच ते तोंड आखडते. आता मी निम्मे दाणे टरफलासकट कुटते. कूट थोडे काळपट दिसते, कोशिंबिरीत किंचित तुरट लागते, पण खिचडीत आणि भाजीत कोणाला फरक कळत नाही. दाणे निवडण्याचे काम मात्र टाळू नये. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे टाकूनच द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते, ते भाजल्याने पुरते जात नाही आणि कोणतेही पॉलिफेनॉल त्यावर उतारा नाही.

बाजरीचे पीठ थोडेच दळून आणावे. बाजरीत चरबी पुष्कळ असते आणि दळल्यावर ती काही दिवसांत कडवट होते. तिच्यातल्या फ्लॅव्होनांवर विकरांची (एन्झाइमांची) क्रिया होऊनही पिठाला उग्र वास येतो. हीच फ्लॅव्होने थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, पण हा धोका मुख्यतः जिथे आयोडीन कमी पडते आणि रोजचे मुख्य अन्न बाजरीच असते तिथला आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घराने हिवाळ्यातले रोटले आणि ढेबरे निर्धास्त खावेत.

पायरी दुसरी : चिरताना आणि शिजवताना

वांगे चिरले की काही मिनिटांत काळे पडते. पेशी फाटली की आतले विकर, पॉलिफेनॉल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवले तर रंग टिकतो, पण क्लोरोजेनिक आम्लाचा काही भाग त्या पाण्यात उतरतो आणि आपण ते पाणी मोरीत ओततो. त्यापेक्षा फोडणी तयार ठेवून मगच वांगे चिरावे. पालेभाजी किंवा कांदा भरपूर पाण्यात उकडून पाणी काढून टाकण्याच्या पद्धतीलाही हाच आक्षेप आहे. पाणी बेताचे घालावे किंवा ते आमटीत वळवावे.

हळदीच्या बाबतीत आपल्याकडे नेमका आकडा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवले की शिजवताना हळदीतल्या कर्क्युमिनची २७ ते ५३ टक्के घट होते आणि सर्वाधिक घट दहा मिनिटे प्रेशर कुकरमध्ये शिजवल्यावर होते. तीच हळद चिंचेबरोबर शिजवली तर घट १२ ते ३० टक्क्यांवर येते. यावरून स्वयंपाकात करायचा बदल सोपा आहे. तुरीची डाळ कुकरला लावताना हळद घालण्याची सवय सोडावी. डाळ शिजून घोटल्यावर, आमसूल किंवा चिंच घालताना हळद घालावी आणि एक-दोन उकळ्यांत आमटी उतरवावी. इथल्या गुजराती डाळीतही कोकम पडतेच, तेव्हा ही युक्ती दोन्ही स्वयंपाकघरांत चालते.

आंबटाने हळद सांभाळली जाते, आणि सोड्याने बिघडते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, चुन्याने हळदीचे कुंकू होते, हे आपण लहानपणापासून पाहतो. क्षार लागला की कर्क्युमिनचा रेणू बदलतो आणि फार काळ टिकत नाही. जांभळा रंगही असाच सांगतो : आंबटात तो लाल दिसतो, सोड्यात निळा-हिरवा होऊ लागतो. कडधान्य लवकर शिजावे म्हणून सोडा टाकण्यापेक्षा ते रात्रभर भिजवणे केव्हाही चांगले.

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा होतो. हे टॅनिन आणि लोह यांचे धरून बसणे आहे. जुन्या पोथ्यांची शाई हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांच्यापासून याच क्रियेने केली जाई. आवळा, जांभूळ, कोकम यांच्यासाठी स्टील, काच किंवा चिनी मातीच वापरावी. लोखंडी कढई भाकरी-भाज्यांसाठी उत्तमच आहे, ती तिथे राहू द्यावी.

पायरी तिसरी : जेवताना, आणि रक्तातल्या साखरेचा हिशेब

शाईची हीच गोष्ट ताटातही घडते, आणि ती मला उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी माझे हिमोग्लोबिन पालेभाज्या, खजूर, नाचणी सगळे करूनही वर येत नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पथ्याचा कागद बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला, “चहा केव्हा घेता?” मी तो दोन्ही वेळा जेवण झाल्या झाल्या घेत असे. जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतींतून मिळणाऱ्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो, कारण चहातली पॉलिफेनॉल आतड्यात लोहाला धरून ठेवतात. तेव्हापासून मी चहा जेवणाआधी किंवा नंतर किमान एक तास लांब ठेवते, आणि पालेभाजीवर न चुकता लिंबू पिळते, कारण क जीवनसत्त्व लोह मोकळे ठेवते. पंडुरोग असलेल्या मुली, गरोदर स्त्रिया आणि लोहाच्या गोळ्या घेणारे यांनी ही पायरी सर्वांत आधी अमलात आणावी. गवती चहाची पात चहात घातल्याने हा परिणाम टळत नाही. काळजी चहाच्या पत्तीची आहे.

आता साखर. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या नात्यागोत्यात हे आकडे खरे वाटावेत अशी स्थिती आहे, म्हणून पॉलिफेनॉल काय करू शकतात आणि काय नाही, हे नीट वेगळे करून सांगणे मला आवश्यक वाटते.

पिष्टाची साखर करणारी विकरे म्हणजे प्रथिनेच. टॅनिन आणि काही फ्लॅव्होनॉइड त्यांना धरतात किंवा त्यांच्या कामात आडवे येतात, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. मधुमेहावरचे अकार्बोज हे औषध याच विकरांना रोखून काम करते. अन्नातला परिणाम त्याच्या मानाने पुष्कळ सौम्य असतो. दुसरे काम मोठ्या आतड्यात चालते. खाल्लेल्या पॉलिफेनॉलपैकी थोडाच भाग लहान आतड्यात शोषला जातो, बहुतेक भाग खाली जाऊन तिथल्या जिवाणूंचे खाद्य होतो आणि ते त्याचे लहान रेणू बनवतात, जे पुढे रक्तात जातात. डाळिंब आणि आवळा यांतल्या टॅनिनपासून बनणारे युरोलिथिन प्रत्येकाच्या पोटात तयार होत नाही, कारण प्रत्येकाकडे ते जिवाणू नसतात. एकाच घरात एकाला फरक पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, याचे एक कारण इथे आहे. परीक्षानळीत दिसलेला परिणाम माणसाच्या शरीरात तेवढाच दिसेल असे म्हणता येत नाही, तेही याचमुळे.

म्हणून ऐकीव गोष्टींवर न जाता घरात ग्लुकोमीटर असेल तर स्वतःवर मोजावे. दोन दिवस निवडावेत, दोन्ही दिवशी आदली रात्र, झोप, औषधे आणि उठण्याची वेळ सारखी ठेवावी. पहिल्या दिवशी नेहमीचा नाश्ता करावा, समजा ठरावीक वजनाचे पोहे. दुसऱ्या दिवशी तेच पोहे, पण आधी एक वाटी मोड आलेले सालीसकट मूग, वर कच्चा कांदा, टरफलासकट दाणे आणि लिंबू. उपाशीपोटी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा साखर मोजून वहीत लिहावी. एका जोडीवर विसंबू नये, तीन-चार आठवडे वेगवेगळ्या दिवशी हीच तुलना करावी. कमी झालेल्या साखरेचे श्रेय यात तंतू आणि प्रथिने यांनाही द्यावे लागेल, पण ताटात ती एकत्रच येतात आणि माझ्या मते हेच अन्नाचे बलस्थान आहे. औषधाचा डोस मात्र वहीतल्या आकड्यांवरून स्वतः बदलू नये. वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

जेवणाची रचना करताना जागतिक आरोग्य संघटनेचा दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळांचा निकष धरला तरी चालतो. त्यात रोज एक गडद रंगाचे, एक तुरट आणि एक कडवट असावे, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे : वांगे किंवा जांभूळ, आवळा किंवा डाळिंब, मेथी किंवा कारले. मोरावळा आणि कचरियुं (तीळ गुळात कुटून केलेला गुजराती पदार्थ) यांना या यादीत मी धरत नाही. तीळ आणि आवळा उत्तमच, पण साखर आणि गूळ त्यांच्या बरोबरीने पोटात जातात.

पायरी चौथी : तूप, तेल आणि चिवडा खवट होऊ नये म्हणून

एका दिवाळीत मी पाच किलो चिवडा केला आणि कौतुकाने मोठ्या काचेच्या बरणीत भरून स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवला. तुळशीचे लग्न होण्याआधीच झाकण उघडताच जुन्या रंगासारखा वास आला आणि निम्म्याहून अधिक चिवडा टाकावा लागला. त्या बरणीत जे झाले ते असे : प्रकाश, उष्णता किंवा लोह-तांब्याचे कण यांमुळे तेलाचा एक रेणू बिघडतो, तो ऑक्सिजन घेऊन शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी आपोआप पुढे जाते. पॉलिफेनॉल या साखळीला आपला हायड्रोजन देऊन मध्येच तोडतात, आणि धातूच्या कणांना धरून ठेवून साखळी सुरू होण्याचीच शक्यता कमी करतात. तयार खाद्यपदार्थांत याच कामासाठी टीबीएचक्यूसारखी कृत्रिम फेनॉल घालतात. त्यांची कमाल मर्यादा तेलाच्या दहा लाख भागांत २०० भाग अशी ठरलेली आहे.

घरगुती तुपासाठी आपल्याकडे फार सुंदर उपाय आहे. आमच्या आजी लोणी कढवताना शेवटी विड्याचे पान टाकीत. १९७९ साली भारतीय दुग्धशास्त्रज्ञांनी विड्याची आणि कढीपत्त्याची पाने घालून कढवलेल्या तुपावर काम करून दाखवले की अशा तुपाचे खवट होणे लांबते. पानांतली फेनॉल हे काम करतात. रीत अशी आहे. एक किलो लोण्याला दोन ताजी पाने घ्यावीत, धुऊन कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावीत. लोणी कढून फेस बसला, तूप पारदर्शक झाले आणि तळाची बेरी बदामी होऊ लागली की पाने सोडावीत. ती चुरचुरतात, कडा आखडतात आणि मिनिटभरात कुरकुरीत होतात. त्याच वेळी आच बंद करावी. पान काळे होईपर्यंत ठेवू नये, तुपाला करपट चव लागते. कोमट झाल्यावर कोरड्या गाळणीने कोरड्या बरणीत गाळावे. पाण्याचा एक थेंबही राहिला तर पानाचा उपयोग वाया जातो.

तळणासाठी आणि फोडणीसाठी घाणीचे सिंगतेल (शेंगदाण्याचे तेल) किंवा तिळाचे तेल घरात असावे. भाजलेल्या तिळांत सेसमोलिनपासून सेसमोल बनते आणि ते जोरदार ऑक्सिडीकरणरोधक आहे, म्हणूनच भाजक्या तिळाचे तेल इतर तेलांपेक्षा टिकाऊ असते. कपाशीच्या, म्हणजे इथल्या बोलीत कपाशिया तेलाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. सरकीत गॉसिपॉल नावाचे पॉलिफेनॉल असते आणि ते विषारी आहे; तेल शुद्ध करताना ते काढून टाकले जाते. कपाशिया तेल नेहमी शुद्ध केलेलेच घ्यावे, कच्चे कधीही नाही. पॉलिफेनॉल म्हटले की चांगलेच असे ज्यांना वाटते त्यांना मी हे उदाहरण देते.

चिवडा करताना दाणे आणि कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळावेत, तीळ घालावेत, चिवडा पूर्ण निवल्यावरच भरावा, आणि एका मोठ्या बरणीऐवजी लहान डब्यांत गळ्यापर्यंत भरावा, म्हणजे वर हवा उरत नाही. डबे अंधाऱ्या फडताळात ठेवावेत. तळून उरलेले तेल नव्या तेलात कधीच मिसळू नये. साखळी आधीच सुरू झालेले जुने तेल नव्यालाही बिघडवते. १ जुलै २०१८ पासून हॉटेले आणि फरसाणवाल्यांसाठी तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगे (तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. घरी मोजता येत नसले तरी तेल फेसाळू लागले, लवकर धुरावले किंवा बोटांना चिकट लागले, की ते स्वयंपाकातून काढावे.

पायरी पाचवी : ओल्या हळदीचे लोणचे, आणि मिठाचा मान

पाणीदार पदार्थ टिकवताना पॉलिफेनॉल दुय्यम आहेत. जिवाणू रोखण्याचे खरे काम मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा करतात. मोहरीचा झणका उपयोगी असला तरी तो पॉलिफेनॉलचा नसून गंधकयुक्त तेलाचा आहे. हे न ओळखता ‘हळद घातली आहे, टिकेल’ म्हणून मीठ कमी करणे धोक्याचे आहे. कैरीच्या लोणच्याला किलोला १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतेच. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे आहे त्यांनी लोणच्याची फोड लहान करावी, बरणीतले मीठ कमी करू नये. ओली लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याला वासही येत नाही. सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असेल तर तो वाढत नाही, म्हणून पुढच्या लोणच्यात लिंबू सढळ आहे.

पाव किलो लीली हळद आणि पाव किलो आंबेहळद पाण्यात अर्धा तास भिजवावी, बोळ्याने घासून माती काढावी आणि सुरीच्या बोथट बाजूने फक्त पातळ साल खरवडावी. पुन्हा धुऊन कापडावर दोन तास पंख्याखाली सुकवावी. पातळ चकत्या कराव्यात, ४० ग्रॅम मीठ चोळावे, काचेच्या बरणीत भरावे आणि आठ-दहा लिंबांचा रस वर ओतावा. चकत्या रसात बुडाल्याच पाहिजेत. वर राहिल्या तर आणखी एक लिंबू पिळावे. वाटल्यास अख्खी मिरी घालावी. दोन दिवस दिवसातून दोनदा बरणी हलवावी आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवावी. कोरड्या चमच्याने काढले तर तीन आठवडे चांगले राहते. बरणी उजेडात का ठेवू नये, हे ज्याने हळदीचा डाग उन्हात वाळत घालून उडवला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

गोळ्या आणि अर्क यांविषयी

वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडे मिळून साधारण ३ टक्के असतात. म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम हळद खाणाऱ्याला सुमारे ६० मिलिग्रॅम मिळतात, तर चाचण्यांत याच्या कित्येक पट दिले जाते. १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले पिपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढले, आणि तेव्हापासून मिरीयुक्त गोळ्या निघाल्या. पण पिपेरिन फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल यांसारख्या औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते, आणि हळदीच्या अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबाबत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सांगितले की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (चहातले मुख्य कॅटेचिन) गोळ्यांतून घेतल्यास यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या कोको-अर्काच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठरावीक अशी घट सिद्ध झाली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. एवढ्यावर कोणाला रोज गोळी घ्यायला सांगावे, असे मला वाटत नाही. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर अर्क लगेच थांबवून तपासणी करावी. फोडणीतली चिमूटभर हळद आणि आमटीतली मिरी यांना यातले काही लागू नाही.

पायरी सहावी : ज्येष्ठ-आषाढातली जांभळे

जांभळांचा हंगाम जेमतेम महिन्याभराचा असतो, म्हणून ती साठवण्याची पद्धत शेवटी देते. सकाळी आलेली, पूर्ण काळी पण घट्ट जांभळे घ्यावीत, फुटलेली वेगळी काढून त्याच दिवशी खावीत. धुऊन पूर्ण निथळू द्यावीत. स्टीलच्या पातेल्यात हाताने कुस्करून बिया काढाव्यात, पाणी घालू नये आणि गर गाळू नये, कारण साल त्यातच असते. किलोभर गराला एका लिंबाचा रस घालावा, म्हणजे रंग लालसर जांभळा राहतो. लहान डब्यांत काठोकाठ भरून लगेच फ्रीजरमध्ये ठेवावे. शिजवून सरबत करण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते, कारण अँथोसायनिन उष्णतेने आणि उजेडाने लवकर उडते आणि सरबतात साखर घालावीच लागते. वापरायच्या आदल्या रात्री एक डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा, सकाळी तो मऊ होतो. दोन मोठे चमचे गर, चिमूटभर सैंधव आणि भाजलेले जिरे साध्या पाण्यात ढवळून जेवणाआधी घ्यावा. दह्यात घालायचा असेल तर खाण्याच्या वेळीच घालावा. दुधातली प्रथिनेही टॅनिनला धरतात, आणि पहिल्या घोटातला तुरटपणा कमी झालेला जिभेलाच कळतो.